दयेचे दार

मस्जिद स्टेशनवर उतरून मांडवीच्या बाजाराकडे निघाले की सुकामेवा, मसाले, गुळाच्या भेल्या, हातगाड्या आणि हमालांच्या हाका यांतून वाट काढत सॅम्युएल स्ट्रीटवर येता येते. या रस्त्यावर बेने इस्राएल या मराठी यहुदी समाजाचे प्रार्थनामंदिर उभे आहे. त्याचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे दार. मराठी माणसाला हा शब्द अगदीच परका नाही. आपण ‘रहम कर’ म्हणतो तो अरबी शब्द आणि हिब्रूतला ‘रहमीम’ एकाच धातूतून आले आहेत, आणि आईच्या गर्भाशयाला हिब्रूत म्हणतात तो ‘रेहेम’ही त्याच धातूचा. कोकणातले बेने इस्राएल मात्र या वास्तूला पिढ्यानपिढ्या साधेसुधे ‘जुनी मशीद’ म्हणत आले. जवळच्या स्टेशनाचे नाव याच मशिदीवरून पडले, असे समाजातले जाणते लोक सांगतात.

१७९६ मध्ये उभी राहिलेली ही संस्था मुंबईतले पहिले सिनेगॉग. सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ ती चालू आहे. यहुदी लोकांचा जगभरचा इतिहास वाचताना मन विषण्ण होते. त्यात मंदिरांच्या बांधणीपेक्षा त्यांच्या जाळपोळीच्या तारखा अधिक भेटतात. सॅम्युएल स्ट्रीटवरच्या या वास्तूचा इतिहास निराळा आहे, म्हणून तो मराठीत पुन्हा पुन्हा सांगायला हवा.

समुद्राने दिलेली माणसे

मंदिर मुंबईत असले तरी त्याचा पाया कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात आहे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेल्या प्रेतांना त्यांनी नवगावातच मूठमाती दिली. धर्मग्रंथ समुद्रात गेले आणि जे आठवणीत उरले तेवढाच धर्म राहिला. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवारची विश्रांती, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे, आणि देव एकच आहे हे सांगणारी ‘शमा’ ही प्रार्थना. सुखाच्या, दुःखाच्या, मृत्यूच्या प्रत्येक वेळी हीच एक प्रार्थना.

गावोगावी त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावावरून आडनावे आली: दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, राजपुरीचे राजपूरकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर. सणांनाही मराठी नावे मिळाली. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. उपवासाच्या मोठ्या दिवशी घरे आतून बंद करून, पांढरे कपडे घालून देवाची करुणा भाकायची, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. दुसऱ्या दिवशी दारे उघडायची, आप्तेष्टांना भेटायचे, गरिबांना दान द्यायचे, तो ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक पाळायचा त्या दिवशी वालाचे बिरडे जेवायचे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मक्काबींच्या विजयाची आठवण म्हणून जगभरचे यहुदी हनुक्का हा सण पाळतात. तो मात्र यांच्याकडे नव्हता. आमचे पूर्वज त्या घटनेच्या आधीच निघाले होते याचा हा पुरावाच, असे समाजाचे इतिहासकार पुढे मांडत आले.

बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीझ या महान धर्मपंडिताने एका पत्रात लिहिले की हिंदुस्थानातल्या यहुद्यांना शनिवारची विश्रांती आणि आठव्या दिवसाची सुंता यांपलीकडे धर्मशास्त्र ठाऊक नाही. हे वर्णन कोकणातल्या या लोकांना जसेच्या तसे लागू पडते. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने, आणि १७६८ मध्ये कोचीनचे व्यापारी एझेकिएल रहाबी यांनी पत्रांतून त्यांची नोंद केली. रहाबी घराण्यातल्या दावीद रहाबींबद्दलची कथा आजही सांगितली जाते. कोकणातल्या बायकांसमोर त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले आणि बायकांनी बिनखवल्यांचे मासे बाजूला काढले. हे आपलेच लोक, अशी त्यांची खात्री पटली. मग त्यांनी काही तरुणांना हिब्रू शिकवून धर्मकार्यासाठी तयार केले. हे तरुण ‘काजी’ म्हणून ओळखले गेले. ग्रंथ नसलेल्या समाजाचा धर्म बायकांनी स्वयंपाकघरात जपला, हे ही कथा फार सुंदर सांगते.

एकाच बेटावरचे दोघे

सॅम्युएल स्ट्रीटवरच्या मंदिराचे मोल कळायला आणखी एका माणसाची आठवण करावी लागते. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने सगळ्या यहुद्यांना देशाबाहेर काढले. हजारो कुटुंबे पोर्तुगालात गेली. तिथे पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा एका कुटुंबातला गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मुंबईचे बेट त्याला पट्ट्याने दिले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात मुंबईच्या त्याच्या आंब्याचाही उल्लेख आहे. वरून ख्रिस्ती असलेला हा माणूस मनातून कोण होता, हे तो जिवंत असेपर्यंत उघड झाले नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले. १५६८ मध्ये ओर्ता वारला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या गेल्या.

ज्या बेटावर एका यहुदी वंशाच्या माणसाला स्वतःचे नावगाव लपवून आंब्याचे झाड वाढवावे लागले, त्याच बेटावर सव्वादोनशे वर्षांनी दुसऱ्या एका यहुद्याने भर वस्तीत प्रार्थनामंदिर बांधले.

सामाजी हसाजी

त्याचे नाव सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, मराठी बोलीत सामाजी हसाजी दिवेकर. अठराव्या शतकात कोकणातले बेने इस्राएल घाणा सोडून मुंबईला येऊ लागले होते. काही जण आंग्र्यांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या चाकरीत होते, काही कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. सामाजी आणि त्यांचे भाऊ पलटणीत गेले, आणि सामाजी देशी अधिकाऱ्याच्या वरच्या हुद्द्यापर्यंत चढले.

म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. पुढची हकिकत समाजात अशी सांगतात. कैद्यांना मृत्युदंड द्यायचा ठरला तेव्हा प्रत्येकाला जात-धर्म विचारला गेला. सामाजींनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. टिपूच्या आईने ते ऐकले. ज्या लोकांचे नाव कुराणात येते त्यांच्यातला एक माणूस आज समोर उभा आहे, त्याला मारू नये, असे ती म्हणाली. सामाजी सुटले. कैदेत असताना त्यांनी नवस बोलला होता की जिवंत सुटलो तर मुंबईत देवाचे घर बांधीन.

१७९६ मध्ये नवस फिटला. एका यहुदी सैनिकाचा प्राण एका मुसलमान आईच्या शब्दाने वाचला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मंदिराला नाव मिळाले दयेचे दार. ही कथा समाजाने इतक्या जिव्हाळ्याने जपली आहे की मंदिर आणि कथा यांना वेगळे करता येत नाही.

याच १७९६ मध्ये तिकडे नेदरलँड्समध्ये यहुद्यांना पहिल्यांदा नागरिकत्वाचे समान हक्क मिळाले. फ्रान्सने ते पाच वर्षे आधी दिले होते. युरोपातले यहुदी हक्कांसाठी कायदेमंडळांची दारे ठोठावत होते तेव्हा मुंबईतल्या एका समाजाला मंदिर बांधण्यापुरता विश्वास आपल्या शेजाऱ्यांबद्दल आधीच वाटत होता.

मंदिर झाले, पण त्यात ठेवायला तोराच्या, म्हणजे धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या हव्यात. त्या हाताने लिहिलेल्या असतात आणि कोकणात त्या लिहू शकणारा कोणी नव्हता. वृद्ध सामाजी कोचीनला निघाले. त्या प्रवासातच, १७९७ मध्ये, कोचीन इथे त्यांचे निधन झाले. ज्या मंदिरासाठी जन्म सार्थकी लावला त्यात त्यांना फार काळ प्रार्थना करता आली नाही.

तेबा, हेखाल आणि मुकादम

मंदिराने समाजाला घडी घालून दिली. आतली मांडणी इथल्या सगळ्या सिनेगॉगांसारखी. मधोमध कठड्याचा चौथरा, त्याला ‘तेबा’ म्हणतात, तिथून पठण होते. जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीत ‘हेखाल’, त्यात तोराच्या गुंडाळ्या. वरच्या सज्जात बायका. सुंतेच्या वेळी एलियाहू हन्नबी या संदेष्ट्यासाठी मांडून ठेवलेली खुर्ची. प्रार्थना म्हणणारा हझान, व्यवस्था पाहणारा शमाश, खजिना सांभाळणारा गब्बाई ही हिब्रू नावे, आणि समाजाचा कारभार मुकादम व चौगुल्याकडे. गावगाड्याची जुनी पदे मंदिरात येऊन बसली, त्यात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनहून शिक्षक आणि हझान येत राहिले. शेलोमो सालेम शुर्राबी हे त्यांतले सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव. आठवणीवर चालणारा धर्म आता पोथीवर चालू लागला. समाज वाढला. १८४० च्या दशकात मुंबईत दुसरे सिनेगॉग झाले, ती ‘नवी मशीद’, आणि पहिली आपोआप ‘जुनी’ झाली. पनवेल, अलिबाग, रेवदंडा, पेण, ठाणे अशी मंदिरे उभी राहत गेली. जुनी मशीद १८६० मध्ये सध्याच्या जागी आली. याच सुमारास भायखळ्याला बगदादहून आलेल्या ससून घराण्याचे भव्य सिनेगॉग झाले, आणि १८६७ मध्ये पुण्याला त्यांनीच बांधलेले दुसरे, ज्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. त्या दगडी वैभवापुढे मांडवीची वास्तू साधी. पण ती पलटणीतल्या शिपायाच्या पगारातून आणि नवसातून आली होती, आणि ती मराठी बोलणारी होती.

पोथी मराठीत आली

या संस्थेच्या छायेत वाढलेल्या समाजाने मराठीला काय दिले, हा माझ्या मते या वाटचालीचा सर्वांत मोलाचा भाग.

सुरुवात एका स्कॉटिश मिशनऱ्याने केली. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांच्या शाळांत मुले शिकली, हिब्रू आणि इंग्रजी घेऊन बाहेर पडली, पण धर्म मात्र आपलाच ठेवला. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ मध्ये पुण्यातून तळकर मंडळींनी काढलेली हग्गादा तर चित्रांमुळे जगभर नावाजली. त्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेचा तो हजारो वर्षांचा सण, आणि त्याची तयारी चालली आहे एका मराठी घरात.

जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४ ते १९०५) यांनी ससून यांच्या शाळेत मुख्याध्यापकी करत हिब्रू प्रार्थनांची एकामागून एक मराठी भाषांतरे केली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३० ते १९०८) यांनी पुढाकार घेऊन १८७५ मध्ये समाजाची शाळा सुरू केली. ‘इस्राएलाइट स्कूल’ म्हणून उघडलेली ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने चालू राहिली. किहीमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा सविस्तर इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, त्यांच्या मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी.

आणि कीर्तन! १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बेने इस्राएलांचे कीर्तन उभे केले. नारदीय कीर्तनाचा बाज घेतला आणि आख्यान लावले ते योसेफाचे, अब्राहामाचे, मोशेचे. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या, सगळे मराठी. ज्या समाजाची पोथी समुद्राने गिळली होती, त्याने आपल्या पूर्वजांच्या गोष्टी परत मिळवल्या त्या कीर्तनकाराच्या तोंडून. ‘सत्यप्रकाश’ आणि ‘इस्राएल धर्मदीप’ ही मराठी नियतकालिकेही याच काळातली.

सगळे गोडच होते असे नाही. ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद समाजाने पाळला. जातीच्या देशात राहून जातीचा डाग लागलाच. तो पुसायला शिक्षण आणि बऱ्याच पिढ्या लागल्या, हे या चरित्रात लिहून ठेवले पाहिजे.

महापौर, डॉक्टर, शिक्षिका

१८९७ मध्ये बासेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली. मुंबईच्या बेने इस्राएलांनी निमंत्रण नाकारले. यहुद्यांचे पूर्वजांच्या भूमीत परत जाणे देवाच्या हाती आहे, माणसाच्या नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांना कोणी हाकलत नव्हते त्यांचे ते उत्तर होते.

पुढच्या चाळीस वर्षांत या समाजाने मुंबईला आपली उत्तम माणसे दिली. रिबेका रूबेन यांनी १९०५ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला आणि १९२२ पासून १९५० पर्यंत समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून काम केले. डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयात हजारो बायकांची बाळंतपणे सुखरूप केली. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९३७ मध्ये डॉ. एलिया मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीच्या ज्या डॉ. ई. मोझेस रोडवरून रोज हजारो माणसे जातात, तो त्यांच्याच नावाचा.

त्या तारखेशी मी थांबतो. १९३८ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत जर्मनी आणि ऑस्ट्रियातली शेकडो सिनेगॉग जाळली गेली. आग विझवायला बंब आले ते शेजारच्या इमारती वाचवायला. त्या वर्षी मांडवीच्या मंदिरात समया नेहमीसारख्या लागल्या, आणि या समाजातला माणूस नुकताच शहराचा प्रथम नागरिक होऊन गेला होता. हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून आलेल्या कित्येक यहुदी डॉक्टरांनी याच शहरात दवाखाने थाटले.

निरोपाची वर्षे

१९४८ मध्ये इस्राएल झाले आणि प्रश्न बदलला. १९५० च्या आसपास बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते. पुढच्या दोन-अडीच दशकांत त्यांतले बहुतेक गेले. कोणी धर्मासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी आधी गेलेल्या भावाबहिणींसाठी. कोणी घर जाळले नाही, कोणी दुकान फोडले नाही. बंदरावर निरोप द्यायला शेजारपाजारचे हिंदू-मुसलमान आले. यहुद्यांच्या शेकडो वर्षांच्या स्थलांतरांत असा निरोप फार क्वचित सापडतो.

दुखावले गेले ते तिथे पोहोचल्यावर. इस्राएलच्या प्रमुख धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत वंशाची चौकशी लावली. पिढ्यानपिढ्या ‘शमा’ म्हणत आलेल्यांना ‘तुम्ही खरे यहुदी का’ असा प्रश्न! त्यांनी धरणे धरले, उपोषणे केली. सत्याग्रहाच्या देशातून आलेल्या माणसांना ती रीत शिकवावी लागली नाही. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. नवगावच्या किनाऱ्यावर जे कोणी मागितले नव्हते ते प्रमाणपत्र असे लढून मिळवावे लागले. त्याच माणसांनी पुढे तिकडे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले आणि मुलांच्या लग्नात मेंदी व मलिदा टिकवला.

फाळणीपूर्वी कराचीतही मराठी बेने इस्राएलांचे एक सिनेगॉग होते. ते १९८८ मध्ये पाडले गेले. मुंबईचे उभे आहे. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि इतर चौघे दहशतवाद्यांच्या हातून मारले गेले. तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगांवर पोलिसांचा पहारा असतो. पण तो वार सीमेपलीकडून आला, शेजारातून नाही. होल्ट्झबर्ग दांपत्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, मोशेला, छातीशी धरून बाहेर काढणारी बाई याच देशातली होती.

शिळा सण

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत देशभरात साडेचार हजारांच्या आसपास यहुदी नोंदले गेले, निम्म्याहून अधिक महाराष्ट्रातले. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, असा धर्माचा नियम आहे. जुन्या मंदिरांपुढचा आजचा खरा प्रश्न हा दहाचा आकडा आहे. समाज उपनगरांत गेला, परदेशी गेला, आणि मांडवीत राहिला तो बाजार.

म्हणून ही वाटचाल नुसत्या गौरवाने संपवता येत नाही. भिंती जपायच्या आहेतच, पण त्याहून तातडीने जपायचे आहे ते कागदावरचे. राजपूरकरांची भाषांतरे, पुण्याची हग्गादा, कीर्तनांची आख्याने, नियतकालिकांचे अंक, हे सगळे मराठी साहित्य आहे. ते परधर्माचे म्हणून बाजूला ठेवण्याजोगे नाही. आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनी ते वाचावे, छापावे, मुलांना शिकवावे. सामाजी हसाजींनी एका गुंडाळीसाठी म्हातारपणी कोचीन गाठले. आपल्याला ग्रंथालयापर्यंतच जायचे आहे.

उपवासाच्या त्या महान दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेला हिब्रूत ‘नेइला’ म्हणतात, म्हणजे बंद होणे, स्वर्गाची दारे मिटत आली असतानाची विनवणी. हिब्रू विसरलेल्या कोकणी माणसांनी त्या दिवसाला ‘दारफळणी’ म्हटले. शब्द हरवला होता, अर्थ हरवला नव्हता. पण त्यांनी पंचांगात तिथेच थांबायचे नाकारले. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण ठेवला. सकाळी उठायचे, आदल्या दिवशी मिटलेले दार उघडायचे, आणि वाट पाहत असलेल्या शेजाऱ्याकडे जायचे.